शिष्यत्व : एक जीवनरीती
रेव्हरंड टिळकांची ख्रिस्तविषयक कविता आणि ‘स्मृतिचित्रे’ यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना ‘धर्मांतर’ ही संकल्पना बहुधा मध्यवर्ती मानली जाते. लेखकाने धर्म केव्हा बदलला, का बदलला, त्यापायी त्याला काय सोसावे लागले, या प्रश्नांभोवती विवेचन फिरत राहते. हे प्रश्न गैरलागू नाहीत. तथापि, धर्मांतर ही एक घटना असते. तिला तिथी असते, स्थळ असते, साक्षीदार असतात. घटनेनंतरच्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र त्या चौकटीत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माणसाने कसे जगायचे, कोणाच्या पंक्तीला जेवायचे, मिळकतीचा विनियोग कसा करायचा, रागलोभ कसे आवरायचे, या साऱ्याला उत्तर देणारा शब्द ‘धर्मांतर’ नसून ‘शिष्यत्व’ हा आहे.

रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ख्रिस्ताभिमुख कविता आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ हे दोन आविष्कार शिष्यत्वाच्या दृष्टीने एकत्र वाचता येतील काय, आणि तसे वाचल्यास त्यांच्या अन्वयार्थात काही भर पडते काय, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. पैकी पहिल्यात शिष्यत्वाचा आदर्श उभा राहतो. दुसऱ्यात त्या आदर्शाची झडती घेतली जाते. ही झडती विरोधकाने घेतलेली नाही. त्या आदर्शाबरोबर ज्या व्यक्तीला संसार करावा लागला तिने ती घेतली आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

२. ‘शिष्य’ या शब्दाचे दोन वारसे

मराठीत ‘शिष्य’ हा शब्द उच्चारताच गुरुपरंपरेचा संदर्भ जागा होतो. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव यांचे नाते हा त्याचा आदर्श. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील आचार्योपासनेचे विस्तृत विवेचन ज्यांनी वाचले आहे, त्यांना गुरुसेवा ही या परंपरेत केवढी सर्वव्यापी वृत्ती आहे, हे सांगावयास नको. या परंपरेत गुरू बोध देतो, शिष्य तो ग्रहण करतो, आणि पुढे शिष्यही गुरुपदास पोहोचू शकतो. ज्ञानाचा प्रवाह अशा रीतीने पिढ्यांमधून वाहतो.

शुभवर्तमानांतील शिष्यत्वाची घडण काहीशी निराळी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. पण हे शिकणे बसून होत नाही. चालता चालता होते. गालीलच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना येशू प्रथम सिद्धान्त सांगत नाही, आपल्या मागे यावयास सांगतो. समज मागाहून येते, तीही अडखळत. शिष्य वारंवार चुकतात, भितात, थोरपणावरून भांडतात, अखेरच्या रात्री पळून जातात. दुसरे असे, की येथे शिष्य कधीही गुरू होत नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना गुरू म्हणवून घेण्याची स्पष्ट मनाई आहे. ते सारे परस्परांचे बंधू आहेत. शिष्यपण हा या मार्गावरील पहिला टप्पा आहे आणि अखेरचाही तोच आहे.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. स्वतःला नाकारून वधस्तंभ उचलण्याविषयीचे वचन मार्क आणि लूक या दोघांतही येते. लूकच्या पाठात मात्र ‘दररोज’ या अर्थाचा शब्द अधिक आहे. या एका शब्दाने सारा रोख बदलतो. हौतात्म्य एकदाच घडते. दररोजचा वधस्तंभ मात्र चुलीपाशी, बाजारात, आजाऱ्याच्या उशाशी उचलावा लागतो. प्रेषितांच्या कृत्यांत आरंभीच्या अनुयायांच्या जीवनक्रमाला ‘मार्ग’ अशी संज्ञा आढळते. ‘ख्रिस्ती’ हे नाव त्यांना पुढे अंत्युखियात मिळाले. वाटचालीवरून ओळखला जाणारा समुदाय मराठी मनाला अपरिचित नाही. ‘पंथ’ या शब्दाचा मूळ अर्थ वाट असाच आहे, आणि ‘वारकरी’ हे नाव मताच्या आधारे पडलेले नसून नेमाने करावयाच्या वारीवरून पडलेले आहे. गुरुसंस्थेपेक्षा वारकऱ्यांची ही सहयात्रेची कल्पना शुभवर्तमानातील शिष्यत्वाला अधिक जवळची आहे, असे म्हणता येईल. तुकोबांनी शिष्यशाखा वाढविण्याविषयी दाखविलेली अनास्था या संदर्भात सूचक ठरते.

३. टिळकपूर्व पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत मागे नेता येतो. ख्रिस्तकथा ओवीत आणण्याचे ते कार्य भाषेच्या दृष्टीने थोर आहे. परंतु पुराणाच्या प्रकृतीनुसार तेथे कथन आणि बोध यांना प्राधान्य आहे. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र शोधक मनाचा प्रवास सांगते. त्याचे शीर्षकच बोलके आहे. अंधार, झुंजुमुंजू, उजेड असा त्याचा क्रम असून ग्रंथाचा सारा ओघ बाप्तिस्म्याकडे वाहतो. म्हणजे तेथेही घटना हेच गन्तव्य आहे.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात मात्र घटनेकडून जीवनरीतीकडे झालेले स्थित्यंतर ठळकपणे दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर चर्चमधील अधिकाऱ्यांची मते त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाहीत. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त मुली आणि निराधार स्त्रिया यांच्या सहवासात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम अखेरपर्यंत चालविले. स्त्रियांना समजेल असे सोपे शब्द योजण्याचा त्यांचा आग्रह हाही शिष्यत्वाचाच भाग मानावा लागेल. तथापि, रमाबाईंचा स्वतंत्र विचार हा दुसऱ्या निबंधाचा विषय आहे.

४. टिळकांची कविता : अभंग हा पेहराव की प्रकृती?

टिळकांच्या जीवनातील प्रमुख घटना सुपरिचित आहेत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने घातलेली मोहिनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा, अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगर येथे व्यतीत केलेली वर्षे, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, हा त्यांचा स्थूल आलेख होय. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार वारंवार उल्लेखिले जातात.

या उद्गारांचा एक सुलभ अर्थ असा लावला जातो, की टिळकांनी ख्रिस्ती आशयाला वारकरी पेहराव चढविला. परकी वस्तू देशी कापडात गुंडाळून दिली, असा काहीसा हा अभिप्राय आहे. तो पुरेसा वाटत नाही. सेतू आणि पेहराव या दोन प्रतिमांत भेद आहे. पेहराव बदलला तरी अंगावर परिणाम होत नाही; सेतू मात्र पायांखाली असतो, आणि त्यावरून चालल्यावाचून पैलतीर नाही. शिवाय सेतूवरून गेलेला माणूस चालण्याची आपली लकब मागे ठेवून जात नाही.

‘अभंगांजली’तील रचना या दृष्टीने पाहाव्यात. तेथे ख्रिस्त एकाच वेळी गुरू आहे आणि माउलीही आहे. विठ्ठलाला आई म्हणून हाक मारणाऱ्या परंपरेत वाढलेल्या कवीलाच हे संबोधन इतक्या सहजतेने सुचू शकते. ‘गुरू’ या शब्दातील अधिकाराची धार ‘माउली’ने बोथट होत नाही, ती वत्सल होते. अनेक अभंगांत टिळक स्वतःसाठी ‘दास’ ही मुद्रा योजतात, हेही लक्षणीय आहे. लौकिक अर्थाने टिळक हे नाव तोवर कवी म्हणून प्रस्थापित झालेले होते. फुलामुलांचा कवी अशी त्यांची ख्याती होती. असे असता अभंगाच्या शेवटच्या चरणात ते नाव बाजूला सारून सेवकाचे सामान्यनाम ठेवणे, ही केवळ रूढी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. स्वतःला नाकारण्याची जी अट शुभवर्तमान शिष्याला घालते, तिचा हा रचनेतील प्रत्यय आहे.

तसेच, अभंग हा मुळात एकट्याने वाचावयाचा प्रकार नव्हे. तो गावयाचा, टाळावर धरावयाचा, मेळ्यात म्हणावयाचा प्रकार आहे. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून मराठी मंडळ्यांच्या नित्याच्या उपासनेचा भाग बनली. अर्थात त्यांच्या कवितेचे यश ग्रंथालयात मोजण्यासारखे नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या तोंडी ती बसली, त्याच्या दिवसाला तिने लय दिली, हे तिचे कार्य. शिष्यत्व ही जीवनरीती असेल, तर तिला सिद्धान्ताइतकीच सवयींचीही गरज असते. नामस्मरण, सत्संग, कीर्तन या सवयी वारकरी संप्रदायाने घडविलेल्या होत्या. टिळकांनी त्या स्वीकारल्या, म्हणून त्यांच्या कवितेत अभंग हा पेहराव राहिला नाही, तो प्रकृती झाला.

५. ‘देवाचा दरबार’ : शिष्यत्व आणि सभासदत्व

१९१७ साली टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला रूप देण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुभाव, हे या दरबाराचे सूत्र होते.

या सूत्रातील धाडस आज चटकन ध्यानात येणार नाही. बाप्तिस्मा ही ख्रिस्ती समाजाची सीमारेषा होती. हिंदू समाजाच्या दृष्टीनेही तीच सीमारेषा होती. ख्रिस्ताविषयी आदर बाळगणे क्षम्य होते, बाप्तिस्मा मात्र बहिष्काराला कारण होई. म्हणजे दोन्ही समाज एकाच रेषेचे, परस्परविरुद्ध बाजूंनी, रक्षण करीत होते. टिळकांनी बाप्तिस्म्याचे मोल नाकारले नाही. त्यांनी स्वतः त्यासाठी घरदार पणाला लावले होते. परंतु शिष्य कोण, या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत शोधू नये, जगण्यात शोधावे, अशी त्यांची भूमिका होती.

तिच्यावर दोन आक्षेप संभवतात. ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी जात, वतन, आप्त गमावले, त्यांच्या त्यागाला यामुळे उणेपणा येत नाही काय? आणि उंबरठ्यावर थांबण्याची अशी मुभा उच्चवर्णीय प्रशंसकांनाच अधिक सोयीची ठरणार नाही काय? हे आक्षेप वजनदार आहेत. टिळकांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की सोयीचे शिष्यत्व त्यांना अभिप्रेत नव्हते. वेतन सोडून त्यांनी प्रथम स्वतःची सोय नाहीशी केली. पुढे जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोन्हॉफर यांनी १९३७ साली शिष्यत्वावरील आपल्या ग्रंथात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद केला. दोघांच्या परिस्थितीत साम्य नाही. बोन्हॉफरांसमोर नाझी राजवटीपुढे नमणारे चर्च होते, तर टिळकांसमोर परक्या संस्थेच्या छत्राखालील लहानसा समाज. तरीही अनुसरणाविना श्रद्धा पोकळ आहे, हा निष्कर्ष दोघांना समान आहे.

दरबाराला काळ मात्र अनुकूल ठरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभा राहू पाहणारा तो प्रयोग त्यांच्या पश्चात तग धरू शकला नाही.

६. नावेत राहिलेल्यांची साक्ष

मार्कच्या पहिल्या अध्यायात एक लहानसे वाक्य आहे. याकोब आणि योहान हे बंधू येशूच्या हाकेसरशी निघाले, आणि त्यांचा बाप जब्दी चाकरांसह नावेतच राहिला. जब्दीला काय वाटले, हे शुभवर्तमान सांगत नाही. पेत्राची सासू तापाने निजलेली होती, असे थोड्याच ओळींनंतर कळते. म्हणजे पेत्रही संसारी होता. त्याच्या पत्नीचा शब्द आपल्याला ऐकू येत नाही. शिष्यत्वाची कथा निघून गेलेल्यांच्या बाजूने सांगितली जाते. नावेत राहिलेल्यांचे आत्मचरित्र लिहिले जात नाही.

‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३६) अनन्यत्व येथे आहे. ते नावेतून लिहिलेले पुस्तक आहे.

लक्ष्मीबाईंचे बालपण पराकोटीचे सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात गेले. अशा घरातील मुलीच्या वाट्याला ख्रिस्ती झालेला पती आला. १८९५ नंतरची विरहाची वर्षे, त्यांतील पंढरपूरचा मुक्काम, लोकांचे शब्द, लहान मुलाची चिंता, हे सारे त्या सांगतात. पण त्यात ना कैफियत आहे, ना हौतात्म्याचा आव. ज्या पंढरीच्या वाटेने टिळकांची कविता ख्रिस्ताकडे गेली, त्याच पंढरीत त्यांची पत्नी त्या प्रवासाची किंमत मोजीत होती, हा योगायोग अभ्यासकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंशी येथे तुलना करण्याजोगी आहे. तुकोबांचे शिष्यत्व पत्करणाऱ्या बहिणाबाईंना ब्राह्मण पतीचा रोष सहन करावा लागला, हे त्यांच्या आत्मपर अभंगांतून कळते. तेथे स्त्री शिष्य आहे आणि पती अडसर. येथे पती शिष्य आहे आणि पत्नी मागे राहिलेली. दोन्ही प्रसंगी शिष्यत्वाचा आघात प्रथम संसारावर होतो, आणि दोन्ही प्रसंगी जातीचा प्रश्न मुळाशी आहे. बहिणाबाईंचा गुरू शूद्र मानला गेलेला. टिळकांचे नवे बंधू बहुतांशी महार-मांग समाजांतले.

लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या सोवळ्यासह. त्यांचे जातिबंधन सुटले ते प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि त्याचे उत्तर स्वतःच शोधले. मग ज्याच्या-त्याच्या हातचे पाणी पिण्याइतका तो विचार कृतीत उतरला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाट बदलली, मग नाव बदलले. टिळकांनी पुढे दरबाराच्या सूत्रात मांडलेले तत्त्व, म्हणजे बाप्तिस्म्याआधीही शिष्यत्व संभवते हे, त्यांच्या घरात तोवर सिद्ध झालेले होते. टिळकांनी ते पत्नीपासून घेतले असे म्हणण्यास आधार नाही. पण वाचकाने ते लक्षात घ्यावे.

झडतीचा दुसरा भाग संसाराचा. टिळकांचे औदार्य घरखर्चाच्या पैशांना धरबंद ठेवीत नाही. त्यांचा कोप अनावर होतो, आणि ओसरताच त्यांना पश्चात्ताप होतो. घरात निराधार मुलांचा आणि पाहुण्यांचा राबता असतो. बालकवी ठोंबऱ्यांसारखा हळवा कवीही या घरी मुलासारखा राहतो. देण्याचा निर्णय टिळकांचा, पण पानावर काय वाढायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. येथे त्यांचा विनोद कामी येतो. हा विनोद टिळकांना खाली खेचीत नाही. तो त्यांना माणसांत आणतो. अभंगांत ज्याने स्वतःला ‘दास’ म्हटले, तो दास घरात किती वेळा मालकासारखा वागला, हे ‘स्मृतिचित्रे’ हसत हसत सांगते. आणि तरीही त्या मालकाने प्रत्येक वेळी पुन्हा दास होण्याची धडपड केली, हेही तीच सांगते. लूकच्या पाठातील ‘दररोज’ या शब्दाचा अर्थ मराठीत याहून स्पष्टपणे कोठे उलगडला असेल, असे वाटत नाही.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ला केवळ पतिचरित्र किंवा विनोदी आठवणी म्हणणे अपुरे आहे. शिष्यत्वाचा आदर्श कोणाच्या श्रमांवर उभा राहतो, हा प्रश्न त्यात विचारलेला आहे. उत्तर देताना लेखिका आदर्श मोडीत काढीत नाही, आणि श्रमही झाकीत नाही.

७. अपूर्ण ग्रंथ

टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास आरंभ केला. सुमारे दहा अध्याय झाले आणि ते राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पूर्णत्वास नेले; १९३८ साली, त्यांच्याही निधनानंतर, ते प्रसिद्ध झाले. शाळेचे शिक्षण नसलेल्या स्त्रीने पंडित पतीचे महाकाव्य पुरे करावे, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील अर्थ वेगळा आहे. पतीने सोडलेल्या जागेपासून पत्नी पुढे निघाली. पण ती पतीची शिष्या होऊन नव्हे. दोघे एकाच गुरूचे शिष्य, म्हणून एकाचे काम दुसऱ्याने उचलले. मत्तयाच्या पाठातील बंधुत्व येथे दांपत्याच्या नात्यात उतरले आहे. जो मागे राहिला होता तोच अखेर अधिक अंतर चालला.

८. समारोप

एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. येथे घेतलेली साक्ष एका ब्राह्मण कुटुंबाची आहे. अहमदनगर परिसरातील मराठी मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून आलेल्या शिष्यांनी उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांना जातीचे उच्च स्थान गमवावयाचे नव्हते. मात्र माणूसपण मिळवावयाचे होते, आणि शिष्यत्वाचा त्यांना जाणवलेला अर्थ टिळकांच्या अर्थाहून भिन्न असू शकेल. मंडळ्यांची दप्तरे, कीर्तनांची हस्तलिखिते, स्त्रियांच्या ओव्या आणि वृद्धांच्या आठवणी यांकडे मराठीच्या अभ्यासकांनी वळल्याखेरीज हे चित्र पुरे होणार नाही.

एवढे मात्र उपलब्ध साहित्यावरून म्हणता येते. टिळकांच्या कवितेने शिष्यत्वाला मराठी लय दिली, ‘देवाचा दरबार’ने त्याला नोंदवहीबाहेर काढले, आणि ‘स्मृतिचित्रे’ने त्याला घराचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात आणले. या तिन्हींचा एकत्र विचार केला असता, धर्मांतराच्या चौकटीत न मावणारा आशय हाती लागतो. शिष्य कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर बाप्तिस्म्याच्या तारखेत नाही. ते त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या, बऱ्याचदा फसलेल्या आणि पुन्हा सुरू केलेल्या, साध्या दिवसांत आहे.